कॉलमनंतर एन्झाइम 'गायब' होतं तेव्हा: प्रकाशसंश्लेषी जिवाणूंमधलं जी६पीडीएच शुद्ध करणं आणि त्याची तुलना

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीचा प्रकल्प चालू आहे. निफाडकडच्या एका शेततळ्याच्या गाळातून वेगळा केलेला जांभळा प्रकाशसंश्लेषी जिवाणू (रोडोबॅक्टर असावा असा अंदाज) आणि संग्रहातून आणलेला सायनोबॅक्टेरिया सिनेकोसिस्टिस ६८०३, या दोघांतून ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज, म्हणजे जी६पीडीएच (साखर जाळणाऱ्या पेंटोज फॉस्फेट मार्गाचं पहिलं एन्झाइम), शुद्ध करून तुलना करायची आहे. दोघांना एकच बफर वापरलं: ट्रिस, ईडीटीए आणि ५ मिलिमोलर डीटीटी (प्रथिनांतले डायसल्फाइड बंध मोडणारं रसायन). जांभळ्या जिवाणूचं काम ठीक चाललं. सिनेकोसिस्टिसची अ‍ॅक्टिव्हिटी मात्र क्रूडमध्ये (पेशी फोडून मिळालेल्या कच्च्या अर्कात) दिसली, अमोनियम सल्फेटने प्रथिनं साका करून वेगळी केल्यावर निम्म्यावर आली आणि डीईएई कॉलमनंतर (जो प्रथिनं विद्युतभारानुसार वेगळी करतो) जवळजवळ शून्य झाली. आता क्रूडच्या आकड्यांवरून 'सायनोबॅक्टेरियात हे एन्झाइम कमी असतं' असं लिहिलं तर चालेल का?

नाही, तसं लिहू नका. कारण तुमची खरी अडचण कॉलमची नाहीच. तुम्ही दोन एन्झाइमांना सारखी वागणूक दिलीत म्हणून तुलना न्याय्य झाली असं तुम्ही धरून चालला आहात. पण या दोघांच्या बाबतीत सारखी वागणूक म्हणजे एकाला औषध आणि दुसऱ्याला विष. सध्या तुमच्या आकड्यांमधला बराचसा फरक हा जिवाणूंचा फरक नसून बफरचा, रंगद्रव्यांचा आणि 'असे'च्या (एन्झाइमचा वेग मोजण्याच्या चाचणीच्या) रचनेचा फरक आहे. तो एकेक करून बाजूला काढावा लागेल. मग जे उरेल ती तुलना.

आधी डीटीटी. बहुतेक एन्झाइमांच्या शुद्धीकरणात आपण डीटीटी सवयीने घालतो, सिस्टीनचे गट हवेने खराब होऊ नयेत म्हणून. सायनोबॅक्टेरियातलं जी६पीडीएच याला अपवाद आहे. पेशीत उजेड असतो तेव्हा कॅल्विन चक्र चालू असतं, साखर बनत असते. त्याच वेळी ती साखर जाळणारा पेंटोज फॉस्फेट मार्गही चालू राहिला तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढल्यासारखं होईल. म्हणून उजेडात थायोरेडॉक्सिन या छोट्या प्रथिनामार्फत जी६पीडीएचच्या व्यवस्थेतले डायसल्फाइड बंध मोडले जातात आणि एन्झाइम मंद होतं. अंधारात ते पुन्हा ऑक्सिडाइज होऊन कामाला लागतं. डीटीटी घातलं की आपण परीक्षानळीत कृत्रिम उजेड पाडतो. कॅल्विन चक्रातल्या काही एन्झाइमांना डीटीटीने जाग येते, याला झोप लागते.

यात एक गोष्ट फार फसवते. पीएच जसा वाढतो तसं डीटीटी लवकर मरतं. २० अंशांना पीएच ७.५ वर त्याचं अर्धायुष्य साधारण १० तास असतं, पीएच ८.५ वर जेमतेम दीड तास. म्हणजे काल सकाळी केलेल्या बफरमध्ये आज डीटीटी उरलेलंच नसेल आणि अ‍ॅक्टिव्हिटी छान दिसेल; ताजं बफर केलं की ती पडेल. विद्यार्थी अशा वेळी पेशींना दोष देतात, कल्चर बदलतात, पुन्हा सोनिकेशन करतात. बाटलीवर तारखेबरोबर वेळ आणि डीटीटी कधी घातलं ते लिहिलं तर दोन दिवस वाचतात.

दुसरा संशयित आहे ओपीसीए नावाचं प्रथिन. सायनोबॅक्टेरियातलं जी६पीडीएच एकटं असताना अर्धवटच काम करतं. ओपीसीए त्याच्याशी जोडलं गेलं की ग्लुकोज-६-फॉस्फेटसाठीची त्याची ओढ बरीच वाढते, म्हणजे कमी सबस्ट्रेटवरही (एन्झाइम ज्यावर काम करतं त्या पदार्थावरही) ते नीट चालतं. क्रूडमध्ये दोघं शेजारी असतात. डीईएई कॉलमवर मिठाचा ग्रेडियंट दिला की ते वेगवेगळ्या फ्रॅक्शनमध्ये (कॉलममधून एकामागून एक गोळा केलेल्या नळ्यांमध्ये) उतरू शकतात. तुम्ही प्रत्येक फ्रॅक्शन सुटं मोजता, तेही १ मिलिमोलर सबस्ट्रेटवर, आणि कुठेच काही दिसत नाही. एन्झाइम तिथेच असतं, त्याचा जोडीदार तीन नळ्या पुढे गेलेला असतो.

या दोन कारणांपैकी तुमच्याकडे कुठलं आहे हे एका दिवसात कळतं. डीटीटीची कसोटी अशी: क्रूडचा एक भाग जी-२५ च्या (छोटे रेणू गाळून बफर बदलणाऱ्या) छोट्या कॉलममधून डीटीटी नसलेल्या बफरमध्ये आणा. त्याचे तीन वाटे करा. एक तसाच ठेवा, दुसऱ्यात ताजं ५ मिलिमोलर डीटीटी घाला, तिसऱ्यात ५ मिलिमोलर ऑक्सिडाइज्ड ग्लुटाथायोन (डीटीटीच्या उलट, बंध पुन्हा जोडायला मदत करणारं). तिन्ही ३० अंशांना ठेवून ०, १५, ३० आणि ६० मिनिटांनी मोजा. दुसरी नळी खाली गेली आणि बाकीच्या टिकल्या किंवा वाढल्या, तर उत्तर मिळालं. हीच कसोटी जांभळ्या जिवाणूच्या अर्कावरही करा. तिथे फरक पडला नाही तर तुमच्या प्रबंधातली पहिली खरी तुलना तुमच्या हातात आली, आणि ती कुठल्याही केएमच्या (निम्म्या वेगाला लागणाऱ्या सबस्ट्रेटच्या) आकड्यापेक्षा जास्त बोलकी आहे.

ओपीसीएची कसोटी त्याहून सोपी. कॉलमच्या प्रत्येक फ्रॅक्शनमधून, आणि कॉलमला न चिकटता निघून गेलेल्या द्रवातूनही, ठरावीक १०० मायक्रोलिटर काढून एकत्र करा. या मिश्रणाची अ‍ॅक्टिव्हिटी मोजा आणि सुट्या फ्रॅक्शनच्या बेरजेशी ताडून पाहा. मिश्रणात बेरजेपेक्षा स्पष्ट जास्त आली तर काहीतरी वेगळं झालं होतं जे आता परत भेटलं. मिश्रण थोडं विरळ होतं आणि मीठही असतं, तेव्हा थोडासा फरक धरू नका. दुप्पट-तिप्पट झाला तरच विश्वास ठेवा. आणि सुटे फ्रॅक्शन मोजताना सबस्ट्रेट १ ऐवजी १० किंवा २० मिलिमोलरवर नेऊन बघा. जोडीदाराशिवायचं एन्झाइम जास्त सबस्ट्रेटवर बऱ्याचदा डोकं वर काढतं.

तिसरं कारणही शक्य आहे: विरळपणा. हे एन्झाइम अनेक उपघटकांचं बनलेलं आहे आणि फार विरळ झालं की सुटतं. त्यासाठी बफरमध्ये १५ ते २० टक्के ग्लिसरॉल आणि २० ते ५० मायक्रोमोलर एनएडीपी (या एन्झाइमचं सहघटक; अभिक्रियेत त्याचं एनएडीपीएच होतं) ठेवा. असेसाठी विरळ करताना साध्या बफरऐवजी मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) असलेलं बफर वापरा. बीएसए घातल्यानंतर त्या नळीत प्रथिन मोजायचं नाही हे वेगळं सांगायला नको, पण घाईत होतं.

आता 'असे', म्हणजे मोजणीची चाचणी. तुमची कृती बरोबर आहे, पण तिच्यातली दोन गृहीतकं दोन जिवाणूंना सारखी लागू होत नाहीत. मी सहसा १ मिलिलिटरमध्ये ५० मिलिमोलर ट्रिस (पीएच ८.०), १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, ०.५ मिलिमोलर एनएडीपी आणि ५ मिलिमोलर ग्लुकोज-६-फॉस्फेट घेते. सिनेकोसिस्टिससाठी सबस्ट्रेट १० पर्यंत नेते. ३४० नॅनोमीटरवर, जिथे एनएडीपीएच प्रकाश शोषतं, वाढ बघायची. सबस्ट्रेट सर्वात शेवटी घालायचं आणि त्याआधीची दोन मिनिटं नोंदवायची, कारण क्रूडमध्ये सबस्ट्रेटशिवायही रेषा सरकते. हिशेब: मिनिटाला ०.१२४ वाढ झाली आणि २० मायक्रोलिटर अर्क घातला होता, तर ०.१२४ भागिले ६.२२ म्हणजे ०.०२ मायक्रोमोल प्रति मिनिट, भागिले ०.०२ मिलिलिटर, म्हणजे मिलिलिटरला १ युनिट. मिनिटाला ०.०२ पेक्षा कमी आणि ०.२ पेक्षा जास्त वाढीवर भरवसा ठेवू नका. अर्काचं प्रमाण बदला. अर्क निम्मा केल्यावर वेगही निम्मा होतो ना, हे प्रत्येक नव्या नमुन्याला एकदा तरी पाहा.

पहिलं बिघडणारं गृहीतक म्हणजे 'एका ग्लुकोज-६-फॉस्फेटमागे एक एनएडीपीएच'. क्रूडमध्ये तयार झालेल्या ६-फॉस्फोग्लुकोनेटवर पुढचं एन्झाइम, ६-फॉस्फोग्लुकोनेट डिहायड्रोजनेज, ताव मारतं आणि आणखी एक एनएडीपीएच देतं. सायनोबॅक्टेरियात हे एन्झाइम चांगलं असतं, त्यामुळे तिथे आकडा जवळजवळ दुप्पटही फुगू शकतो. रोडोबॅक्टर स्फेरॉइडिस ग्लुकोज एंटनर-डूडोरॉफ मार्गाने फोडतो. तिथे ६-फॉस्फोग्लुकोनेटमधून पाणी काढलं जातं, एनएडीपीएच बनत नाही. म्हणजे एकाच असेत एकाचा आकडा फुगतो, दुसऱ्याचा नाही. उपाय जुना आणि पक्का आहे: एका क्युव्हेटमध्ये फक्त ६-फॉस्फोग्लुकोनेट, दुसऱ्यात ६-फॉस्फोग्लुकोनेट आणि ग्लुकोज-६-फॉस्फेट दोन्ही भरपूर. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की जी६पीडीएच उरतं. कॉलमनंतर दुसरं एन्झाइम सुटलं असेल तर याची गरज नाही, पण क्रूड आणि अमोनियम सल्फेटच्या टप्प्यावर हे केलंच पाहिजे. तुमच्या सिनेकोसिस्टिसची अ‍ॅक्टिव्हिटी अमोनियम सल्फेटनंतर निम्मी झाली, त्यातला काही भाग केवळ हे दुसरं एन्झाइम मागे राहिल्याचा असू शकतो.

दुसरं गृहीतक म्हणजे बनलेलं एनएडीपीएच तसंच राहतं. जांभळ्या जिवाणूंच्या आतल्या पटलाचे तुकडे, क्रोमॅटोफोर, अर्कात तरंगत असतात आणि त्यांच्यात एनएडीएच जाळणारी श्वसनसाखळी असते. एनएडीपी आणि एनएडी यांच्यात हायड्रोजनची अदलाबदल करणारं ट्रान्सहायड्रोजनेजही या पटलांवर बसलेलं असतं. तेव्हा इथे आकडा उलट कमी दिसतो. ०.१ मिलिमोलर एनएडीपीएच आणि अर्क एवढंच घेऊन ३४० वर उतार येतो का ते बघा. आला तर क्रोमॅटोफोर काढल्याशिवाय क्रूडचा आकडा वहीत कायमचा लिहू नका.

क्रोमॅटोफोर काढायला सरळ मार्ग अल्ट्रासेंट्रिफ्यूज: १,००,००० जी, एक ते दीड तास, ४ अंश. साध्या सेंट्रिफ्यूजच्या १५,००० जी वर ते बरेचसे वरच राहतात. वरचा द्रव वाइनसारखा लाल दिसला तर समजा राहिलेत. नाशिकमध्ये तुमच्या आवाक्यात अल्ट्रासेंट्रिफ्यूज नसेल आणि पुण्याला जायचं ठरलं, तर अर्क घेऊन जाऊ नका, गोठवलेल्या पेशी घेऊन जा. चार-पाच तासांचा रस्ता, त्यात सिन्नर किंवा चाकणला गाडी अडकली की बर्फ वितळतो. थर्माकोलच्या खोक्यात तीन वाटे कुटलेला बर्फ आणि एक वाटा जाडं मीठ कालवून त्यात दोन पिशव्यांत बंद केलेल्या नळ्या पुरल्या, तर शून्याखाली दहा-पंधरा अंश बराच वेळ टिकतात. पेशी तिकडे पोहोचल्यावर फोडायच्या आणि लगेच फिरवायच्या. हे जमतच नसेल तर ० ते ३० टक्के अमोनियम सल्फेटचा पहिला कट फेकण्यासाठीच घ्यायचा. पटलांचा मोठा भाग त्यात जातो. सगळा जात नाही.

सिनेकोसिस्टिसची अडचण वेगळी. त्याचा रंग मुख्यतः पाण्यात विरघळणाऱ्या फायकोबिलिप्रथिनांचा असतो, तो अल्ट्रासेंट्रिफ्यूजनेही सगळा बसत नाही. विरघळलेल्या प्रथिनांचा फार मोठा वाटा, कधी कधी निम्म्याच्या आसपास, एकट्या या निळ्या प्रथिनांचा असतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुम्ही 'मिलिग्रॅम प्रथिनामागे युनिट' असा आकडा काढता तेव्हा सिनेकोसिस्टिसच्या खालच्या संख्येत, म्हणजे छेदात, हे सगळं फायकोसायनिन येऊन बसतं. जांभळ्या जिवाणूची रंगधारी प्रथिनं पटलात असल्यामुळे तुम्ही ती आधीच काढून टाकलेली असतात. त्यामुळे एन्झाइम दोन्हीकडे तेवढंच असलं तरी सिनेकोसिस्टिसचा आकडा कमी येणार. क्रूडच्या आकड्यावरून निष्कर्ष लिहू नका म्हटलं, त्यामागचं सर्वात मोठं कारण हे. क्रूडचीच तुलना हवी असेल तर कल्चरच्या कोरड्या वजनामागे किंवा पेशींच्या संख्येमागे युनिट द्या.

ब्रॅडफर्डने (प्रथिनाला चिकटून निळ्या होणाऱ्या रंगाच्या पद्धतीने) प्रथिन मोजतानाही हा निळा रंग मधे येतो. रीडिंग ५९५ वर, फायकोसायनिनचं शिखर ६२० च्या आसपास. आम्लात त्याचा रंग बराच उतरतो, पण पूर्ण गृहीत धरू नका: ब्रॅडफर्डचा रंग नसलेलं, फक्त तेवढंच फॉस्फोरिक आम्ल आणि मद्यार्क असलेलं द्रावण घेऊन त्यात अर्क घाला आणि ते ५९५ वाचन वजा करा.

पेशी फोडण्याबद्दल फार लिहीत नाही. जांभळ्या जिवाणूला सोनिकेटर पुरतो: बर्फात, १० सेकंद चालू, ३० सेकंद बंद, एकूण चालू वेळ ३ ते ५ मिनिटं, फेस येऊ द्यायचा नाही. सिनेकोसिस्टिसला तेवढं पुरत नाही, ०.१ मिलिमीटरचे काचेचे मणी आणि बीड बीटर, ३० सेकंदांचे सहा-आठ फेरे, मधे दोन-दोन मिनिटं बर्फात. फुटल्याची खूण म्हणजे फिरवल्यावर वरचा द्रव गडद निळा येतो. फिकट हिरवा आला तर पेशी अजून शाबूत आहेत. पीएमएसएफ (प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमांना रोखणारं) १ मिलिमोलर, फोडण्याच्या अगदी आधी घाला. पाण्यात पीएच ८ ला ते तासाभरात निकामी होतं, सकाळच्या बफरमधलं दुपारी उपयोगाचं नाही.

ट्रिसचा पीएच हा आणखी एक चोर आहे, आणि नाशिकमध्ये तो मे महिन्यात जास्त सापडतो. ट्रिसचा पीएच दर अंशाला साधारण ०.०२८ ने बदलतो, थंड केलं की वर जातो. वातानुकूलन नसलेल्या खोलीत दुपारी ३६ अंशांना तुम्ही पीएच ८.० लावला आणि ते बफर ४ अंशांच्या फ्रीजमध्ये ठेवलं, तर कॉलमवर ते ८.९ च्या घरात पोहोचतं. डीईएई कॉलमवरचं सगळं वेळापत्रक त्याने बदलतं. डिसेंबरात निफाडकडे पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास येतो, तेव्हा खोलीतच बफर केलं तर चूक छोटी. म्हणून कॉलमचं बफर ४ अंशांना थंड करूनच पीएच लावा, असेचं बफर ३० अंशांना. नाहीतर जानेवारीत केलेला जांभळा जिवाणू आणि मेमध्ये केलेला सिनेकोसिस्टिस यांची तुलना म्हणजे दोन ऋतूंची तुलना होते.

अमोनियम सल्फेटचं: ४ अंशांच्या जवळ काम करत असाल तर ० ते ३० टक्क्यांसाठी १०० मिलिलिटरला साधारण १६.५ ग्रॅम, मग ३० ते ६० साठी आणखी साधारण १८ ग्रॅम. २५ अंशांचा तक्ता वेगळा आहे. पुस्तकात कुठला छापलाय ते वर वाचून घ्या. मीठ खलात बारीक कुटून, २० ते ३० मिनिटांत चिमटीचिमटीने, चुंबकी दांडा हळू फिरवत. त्यानंतर अर्धा तास शांत ठेवून मग फिरवायचं. तुमचं एन्झाइम कुठल्या कटमध्ये येतं हे मात्र आधी १०-१० टक्क्यांच्या छोट्या चाचणीने पाहा, दोन्ही जिवाणूंसाठी वेगवेगळं. एकाच कटचा आग्रह धरू नका. तुलनेसाठी शुद्धीकरणाचे टप्पे सारखे असण्याची गरज नाही; शेवटची मोजणी सारख्या परिस्थितीत असायला हवी.

डीईएईवर जाण्यापूर्वी हे अमोनियम सल्फेटचं मीठ पूर्ण निघालंय याची खात्री वाहकतामापकाने करा. डायलिसिस 'रात्रभर केलं' एवढं पुरेसं नाही. राहिलेल्या मिठामुळे एन्झाइम कॉलमला चिकटतच नाही आणि धुण्याच्या पाण्यात निघून जातं. ते पाणी ओतून दिलं की 'गायब' झालं. डीईएईनंतर पुढचा टप्पा म्हणून २',५'-एडीपी अ‍ॅगारोज हा एनएडीपीवर चालणाऱ्या एन्झाइमांसाठी बनवलेला कॉलम सर्वात कामाचा. फायकोसायनिन त्याला चिकटत नाही, निळा पट्टा सरळ खाली वाहून जातो आणि कॉलम पांढरा होतो. हा कॉलम महाग आहे. रेजिन २ मिलिलिटर पुरतं आणि नीट धुतलं तर पुन्हा पुन्हा वापरता येतं, पण दोन जिवाणूंसाठी दोन वेगळे कॉलम ठेवा. आधीच्या एन्झाइमचा अंश पुढच्यात आला तर सगळी तुलना वाया. एन्झाइम ०.५ मिलिमोलर एनएडीपीने उतरवायचं. एनएडीपी २६० वर जोरदार शोषतं आणि २८० वरही त्याची सावली पडते, म्हणून या फ्रॅक्शनमधलं प्रथिन २८० वर मोजू नका.

हिशेबाची वही कशी असावी याचं उदाहरण, आकडे समजण्यापुरते. क्रूडमध्ये ४०० मिलिग्रॅम प्रथिन, २० युनिट, म्हणजे मिलिग्रॅमला ०.०५. अमोनियम सल्फेटनंतर १५० मिलिग्रॅम, १६ युनिट: उतारा (सुरुवातीच्या युनिटांपैकी उरलेला वाटा) ८० टक्के, शुद्धता दुप्पट. डीईएईनंतर २० मिलिग्रॅम, ११ युनिट: उतारा ५५ टक्के, शुद्धता ११ पट. शेवटी ०.५ मिलिग्रॅम, ६ युनिट: मिलिग्रॅमला १२, शुद्धता २४० पट, उतारा ३० टक्के. कुठल्याही टप्प्यावर उतारा एकदम कोसळला तर पुढे जाऊ नका. फेकलेल्या भागात शोधा. आणि उतारा १०० टक्क्यांच्या वर गेला तर आनंद मानण्याऐवजी क्रूडमधली मोजणी पुन्हा तपासा. तिथे काहीतरी रोखणारं होतं, किंवा एनएडीपीएच जळत होतं.

वाढीच्या परिस्थितीबद्दल दोन गोष्टी, कारण त्या इतर सगळ्यावर मात करू शकतात. जांभळ्या जिवाणूचा बॅक्टेरिओक्लोरोफिल ८०० ते ८८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश घेतो. दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या एलईडीत तो जवळजवळ नसतो. बाटली आपल्याला लख्ख उजेडात दिसते आणि जिवाणूच्या दृष्टीने अर्धा अंधारच असतो. जुना ६० वॅटचा तारेचा बल्ब किंवा ८५० नॅनोमीटरची एलईडी पट्टी लावा; बल्बच्या उष्णतेने बाटली ३० च्या वर जात नाही ना ते थर्मामीटर पाण्यात बुडवून पाहा. सिनेकोसिस्टिसला बीजी-११ माध्यमात पांढरी एलईडी चालते. दुसरं म्हणजे अन्न. जांभळा जिवाणू मॅलेटवर वाढवला तर त्याला ग्लुकोज फोडण्याची गरजच नाही. अशा वेळी जी६पीडीएच कमी बनण्याची शक्यता जास्त. ग्लुकोजवर वाढवला तर चित्र बदलतं. तुमचा शेततळ्यातला जिवाणू ग्लुकोजवर वाढतो का हे आधी पाहा. सगळे वाढत नाहीत, रोडोस्पिरिलम रुब्रम वाढत नाही. सिनेकोसिस्टिसच्या बाबतीत पेशी उजेडातून काढल्या की अंधारातून, हे लिहा आणि प्रत्येक वेळी तेच करा. मी असते तर दोन तास अंधारात ठेवून, बाटलीला फॉइल गुंडाळून काढल्या असत्या.

शेततळ्यातल्या जिवाणूची १६एस (आरआरएनए जनुकाच्या क्रमावरून) ओळख झाली नसेल तर ती आधी. शिवाय त्याच्या जोडीला पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंदीगढच्या एमटीसीसी संग्रहातला नाव ठाऊक असलेला रोडोबॅक्टर ठेवा. अनोळखी जिवाणूचा विचित्र आकडा आला, तर तो जिवाणूचा की तुमच्या हाताचा हे ठरवायला दुसरा आधार नसतो. असेचा आधार म्हणून बाजारातलं यीस्टचं जी६पीडीएच रोज एकदा मोजा. ल्युकोनोस्टॉकचंही ठेवलं तर उत्तम: ते एनएडी आणि एनएडीपी दोन्ही घेतं, यीस्टचं फक्त एनएडीपी. तुमच्या दोन एन्झाइमांना एनएडी चालतं का हे तपासताना ही जोडी फार उपयोगी पडते.

शेवटच्या तुलनेत काय मोजायचं हे तुमच्या उद्देशावर अवलंबून आहे. पेशीत कुठलं एन्झाइम कसं वागतं हे सांगायचं असेल तर डीटीटी आणि ऑक्सिडाइज्ड ग्लुटाथायोन यांचा परिणाम आणि एनएडीपीएचने होणारा अडथळा हे आधी. एन्झाइमची क्षमता सांगायची असेल तर केएम आणि केकॅट (एन्झाइमचा एक रेणू सेकंदाला जास्तीत जास्त किती सबस्ट्रेट बदलतो तो आकडा). त्यासाठी ग्लुकोज-६-फॉस्फेट ०.०५ ते २० मिलिमोलर, एनएडीपी ५ ते ५०० मायक्रोमोलर, किमान आठ-आठ बिंदू, तेही केएमच्या दोन्ही बाजूंना पसरलेले. लाइनवीव्हर-बर्कची सरळ रेषा आकृती म्हणून दाखवा, आकडे मात्र वक्र थेट बसवून काढा. सरळ रेषेत सर्वात विरळ, म्हणजे सर्वात चुकीच्या, बिंदूंना सर्वात जास्त वजन मिळतं. सिनेकोसिस्टिसचा वक्र इंग्रजी एस अक्षरासारखा आला तर त्याला जबरदस्तीने केएम लावू नका. अर्ध्या वेगाचं सबस्ट्रेट आणि हिल गुणांक (वक्र किती एस-आकाराचा आहे ते सांगणारा आकडा) द्या, आणि त्या नमुन्यात ओपीसीए होतं की नव्हतं ते शेजारी लिहा. केकॅट देण्यापूर्वी एसडीएस जेलवर (जिथे प्रथिनं आकारानुसार वेगळी होतात) ५५ ते ६० किलोडाल्टनच्या सुमारास एकच पट्टा हवा. दोन पट्टे असतील आणि दुसरा त्याच्या मागे-पुढे टप्प्याटप्प्याने सोबत येत असेल, तर तो मळ समजून काढायची घाई नको. तो जोडीदारही असू शकतो.

आणि तीन वाचनं म्हणजे तीन वेगवेगळी कल्चरं, एकाच नळीतून तीनदा घेतलेली नाहीत.

वेळ कमी असेल तर या आठवड्यात एवढंच करा. डीईएईचे सगळे फ्रॅक्शन आणि धुण्याचं पाणी अजून फ्रीजमध्ये असेल तर फेकू नका. त्यातून वर सांगितलेलं मिश्रण करा, जी-२५ मधून काढा, अर्ध्यात ऑक्सिडाइज्ड ग्लुटाथायोन घालून तासभर ठेवा आणि १० मिलिमोलर सबस्ट्रेटवर मोजा. रेषा वर चढली तर पुढचं शुद्धीकरण डीटीटीशिवाय, ग्लिसरॉल आणि एनएडीपीसह. नाही चढली तर ताज्या पेशींपासून सुरुवात, आणि फोडल्यापासूनच्या प्रत्येक टप्प्याचा एक मिलिलिटर बाजूला, तारीख-वेळेसह. त्या नळ्यांमध्ये अ‍ॅक्टिव्हिटी कुठे गळाली ते सापडलं की आकड्यांसह कळवा, पुढचं त्यावरून बघू.